तो गोल नव्हता, शिंक होती

सामना शून्य-शून्यवर अडकला होता, वेळ संपत आली होती, आणि आमच्या ताईंनी नुसत्या आवाजाच्या जोरावर अख्खं मैदान उभं केलं होतं.

"सात नंबरनं एकाला चकवलं! दुसऱ्यालाही चकवलं! आता समोर फक्त गोलकीपर, सात नंबरनं पाय मागे घेतला, आणि... आणि... आ... आ..."

मग चारही कर्ण्यांतून जो आवाज आला, तो ऐकून पलीकडच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला पडला म्हणतात. मला सायकलवाला काही दिसला नाही, पण पडला असेल तर मुळीच नवल नाही.

उन्हाच्या तिरिपीमुळे समोरच्या स्टँडमधल्यांना चेंडू दिसत नव्हता. त्यांना वाटलं, गोल! टोप्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, गुणफलकवाल्यानं शून्याची पाटी काढून एकची लावूनसुद्धा टाकली. आणि बिचारा गोलकीपर! चेंडू त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता, तरी तो मान वळवून जाळ्यात बघत होता, की मग हा दुसरा कुठून आला! त्याच्याच संघातला एकजण त्याच्या अंगावर ओरडला. रेफरी शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला.

तेवढ्यात कर्ण्यातून ताईंचा आवाज आला, गच्च चोंदलेल्या नाकातून. "बाफ करा! तो गोल डव्हता! शीक होती, शीक!"

आणि पाठोपाठ शिंकांची अशी काही माळच लागली की विचारू नका. पोरांनी प्रत्येक शिंकेला "गोल!" म्हणून आरोळी ठोकली. माझी हसून हसून पुरेवाट झाली. मग माझं लक्ष वर गेलं. कॉमेंटरीच्या खोलीतल्या काचेमागे ताई रुमालात तोंड लपवून बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. मी चटकन गप्प झाले.

ताई म्हणजे माझी नणंद. सगळे त्यांना तोफताई म्हणतात. हे नाव शिंकांवरून पडलेलं नाही बरं का, ते त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून बस लागल्याची घोषणा करतात त्या, आणि माइक बंद पडला तर उठून खिडकीतूनच ओरडतात. ते शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जातं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "माइकशी झालंय की!" रविवारी मैदानावर सामन्याची कॉमेंटरी करायची, हा त्यांचा खरा जीव. आठवडाभर बसच्या वेळा सांगायच्या त्या जणू रविवारसाठी घसा तापवून ठेवायला.

ही आवड लागली ती यांच्यामुळे. हे म्हणजे माझा नवरा, ताईंचा धाकटा भाऊ. लहानपणी यांचा पाय मोडला आणि प्लास्टर घालून हे खाटेवर पडले. खिडकी उंच, खाट भिंतीला. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळायची आणि हे इकडे रडायचे. मग ताई खिडकीच्या कट्ट्यावर चढून उभ्या राहायच्या आणि खाली काय चाललंय ते सांगायच्या. काय ते सामने! काय ते गोल! पाय बरा झाल्यावर यांनी खाली जाऊन पोरांना विचारलं, "त्या दिवशी डोक्यानं मारलेला गोल कुणाचा रे?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्या दिवशी म्हणे चेंडू गटारात गेला होता आणि सगळे सुरुवातीलाच घरी पळाले होते.

यांनी ताईंना जाब विचारला, तर त्या म्हणाल्या, "अरे, खरं सांगितलं असतं तर तू कंटाळला नसतास का?"

मोठे झाल्यावर हे त्याच मैदानाचे ग्राउंड्समन झाले. गवत कापणं, पाणी देणं, पांढऱ्या रेघा मारणं, सगळं यांच्याकडे. मी घरी शिवणकाम करते, संघांच्या जर्सींवर नंबर मीच शिवते. म्हणजे आमच्या घरात सगळ्यांचं पोट मैदानाला बांधलेलं. आणि नेमकं तेच मैदान ताईंच्या नाकाला चालेना!

तसा हा त्रास कित्येक वर्षांचा होता. थंडी सरली, ऊन तापायला लागलं, गवताला तुरे आले की ताईंचं नाक सुरू. आधी टाळूला आतून खाज, मग डोळे लाल, मग पाणी, मग शिंका. पण त्या वर्षी कहर झाला. बसस्टँडवर त्या "प्लॅटफॉर्ब डंबर तीड" म्हणायला लागल्या, आणि एक आजोबा खिडकीशी येऊन विचारून गेले, "बाई, ही कुठल्या भाषेतली घोषणा?"

शिंकेचा गोल झाल्यावर तर विचारायलाच नको. खिडकीत तिकिटांची चौकशी करायला कमी आणि औषध सांगायला जास्त माणसं येऊ लागली. एका ड्रायव्हरनं वाफ घ्यायला सांगितली. ताईंनी घेतली. तेवढ्यापुरतं नाक मोकळं झालं, आणि तोंड भाजलं ते वेगळंच. कुणी चमचाभर मध सांगितला, तो ताई आनंदानं खात राहिल्या. त्यानं शिंका काही गेल्या नाहीत, बरणी मात्र गेली. एका कंडक्टरनं कांदा हुंगायला सांगितला. नाकानं कांदे सोलतात असं नुसतं म्हणतात ना, ते मी घरात प्रत्यक्ष पाहिलं! डोळे आधी लाल होते, ते आता लालबुंद झाले.

"वहिनी, कपड्यांचा चिमटा आण गं," एकदा ताई म्हणाल्या.

"चिमटा? कशाला?"

"डाकाला लावते. बघू या."

चिमटा लावून त्यांनी आरशासमोर कॉमेंटरीचा सराव केला. "बध्यरेषेवरूड बारलेला चेंडू..." इथपर्यंत आल्या आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून हसत सुटलो.

पण पुढच्या रविवारी हसू पळालं. कुणाच्या तरी सांगण्यावरून ताईंनी दुकानातून एक गोळी आणली आणि सामन्याआधी घेतली. शिंका थांबल्या. थोड्या वेळानं ताईही थांबायला लागल्या. आवाज हळू झाला, शब्द लांबत गेले. "डाव्या बाजूनं... चेंडू... चाललाय... अजून चाललाय... जातोय..." मग मोठी जांभई ऐकू आली. "जाऊ दे."

लोक पोट धरून हसले. क्लबचे सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. ते भले गृहस्थ आहेत, कुणाला टाकून बोलणार नाहीत. सामना संपल्यावर ते जिना चढून वर आले आणि बराच वेळ माइकची वायर गुंडाळत बसले.

"ताई," अखेर ते म्हणाले, "पुढच्या वर्षीची फायनल रेडिओवाले घेणार आहेत. थेट प्रक्षेपण. फायनल नेमकी याच दिवसांत येते. तेव्हा... जरा विचार करावा लागेल."

"म्हणजे दुसरं कुणी बोलणार?"

"तसं नाही म्हणत मी. जरा विचार, एवढंच."

घरी येईपर्यंत ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्या घरात ताई गप्प म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "ताई, पुरे झाले हे कांदे. आपण डॉक्टरकडे जाऊ."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान दिसत होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी टेस्ट ठरवली आणि त्याआधी काही दिवस ती झोप आणणारी गोळी बंद ठेवायला सांगितली. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. घरातले रुमाल संपले, मग मी जर्सीच्या उरलेल्या कापडाचे शिवले. ताई खेळाडूंच्या नंबरांचे रुमाल घेऊन कामावर जात होत्या.

टेस्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या हातावर आतल्या बाजूला वेगवेगळे थेंब टाकले. एक धुळीचा, एक मांजराचा, एक झाडांच्या परागांचा, एक गवताच्या परागांचा. प्रत्येक थेंबावर सुईनं जरासं टोचलं. "आता थोडा वेळ नुसतं बसायचं. ज्याची गांधी उठेल त्याची अ‍ॅलर्जी."

नुसतं बसायचं! ताईंना! मी मनात म्हटलं, आता बघा गंमत. ताईंनी हात गुडघ्यावर ठेवला, डोळे बारीक केले आणि सुरू झाल्या.

"सामना सुरू झालाय. धूळ शांत आहे. मांजरही शांत, मांजर बहुतेक झोपलंय. झाडं जराशी हलली... हो, झाडं हलली, पण तेवढंच. आणि गवत! वहिनी, गवत पुढे सरकलं! गवतानं मुसंडी मारली! लाल झालं, फुगलं, अजून फुगतंय, बाकीचे जागेवरच आणि गवत सगळ्यांना मागे टाकून..."

बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकवायला लागले. डॉक्टरीणबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. गवताची गांधी चांगली टपोरी उठली होती. माझ्या अंगावर तर काटाच आला! इतकी वर्षं जो अंगाला झोंबत होता, तो गडी आज हातावर उघड दिसत होता.

"याला हे फीवर म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हे फीवर? हे म्हणजे कुठलं?"

"इंग्रजीतलं हे. वाळलेलं गवत."

"पण मला ताप नाही."

"यात ताप नसतोच."

"आणि वाळलेलं गवतही मैदानावर नाही."

"वाळलेल्याचा संबंध नाही. फुलोऱ्यावर आलेल्या हिरव्या गवताचे पराग उडतात, त्यांचा त्रास."

"म्हणजे नावात एकही गोष्ट खरी नाही!" ताई इतक्या खूश झाल्या की विचारू नका.

मला वेगळ्याच कारणानं हसू आवरेना. माझ्या तोंडी 'हे' म्हणजे जगात एकच माणूस. घरी गेल्या गेल्या मी यांना म्हटलं, "ऐकलंत का, तुमच्या बहिणीला 'हे' फीवर झालंय. तुमचंच!" हेही हसले. पुढे काय निघणार आहे ते तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं!

त्याआधी दवाखान्यातच डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा स्प्रे दिला आणि झोप न आणणारी वेगळी गोळी दिली. मग म्हणाल्या, "स्प्रे कसा मारणार ते दाखवा."

ताईंनी मान मागे टाकली, नळी नाकात सरळ वर खुपसली, फवारा मारला आणि असा काही श्वास ओढला की टेबलावरचा कागद हलला. लगेच तोंड वाकडं झालं. "कडू!"

"कडू लागणारच, औषध घशात गेलं. नाकाला काय मिळालं? मान खाली, जराशी पुढे. उजव्या हातानं डावी नाकपुडी, डाव्या हातानं उजवी. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाकडे. आणि श्वास हळू. फुलाचा वास घेतो ना, तसा."

"मी काय, तोफेत दारू ठासत होते," ताई म्हणाल्या.

"आणि हा रोज घ्यायचा. शिंक आल्यावर धावाधाव करायची नाही. शिंक येऊच नये म्हणून घ्यायचा. पुढच्या वर्षी तुरे यायच्या आधी काही आठवडे सुरू करा."

ताई एकदम गंभीर झाल्या. "डॉक्टर, खरं सांगा. मी गवताच्या मैदानावर बसून बोलते. ते सोडावं लागेल?"

"मी कुठे सोडा म्हणतेय? बसा की. नाकाची तयारी करून बसा. आणि एक सांगते, नेहमी कापलेल्या गवताला तुरे येत नाहीत. न कापलेल्याला येतात. तुमच्या आसपास न कापलेलं कुठे आहे ते शोधा."

ताई जवळजवळ ओरडल्याच. "वहिनी, माझ्या पायाखाली!"

खरंच की! कॉमेंटरीची खोली मैदानाच्या कडेला उतारावर आहे. त्या उतारावर यांचं मशीन चढत नाही, म्हणून तिथलं गवत गुडघाभर वाढतं. वाऱ्याबरोबर त्याचे तुरे थेट ताईंच्या खिडकीवर डोलतात. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणायचो, किती छान हिरवंगार दिसतं!

स्प्रेनं पहिल्याच दिवशी काही चमत्कार झाला नाही. ताई चिडल्या, मी समजूत घातली. हळूहळू मात्र फरक पडू लागला. बसस्टँडवर "प्लॅटफॉर्म नंबर तीन" पुन्हा नीट ऐकू यायला लागलं. सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून त्या नाक धुवायच्या. ते बघायला छान नसायचं, पण नंतर त्यांचा चेहरा काय खुलायचा! तरी एक कोडं राहिलं. दिवसभर बऱ्या असलेल्या ताई संध्याकाळी घरी आल्या की पुन्हा बेजार, आणि सकाळी उठल्या की आणखी बेजार. घरात तर गवताची काडी नाही. मग माशी शिंकतेय कुठे?

तेवढ्यात हे मामांच्या आजारपणासाठी आठवडाभर बाहेर गेले. आणि ताई घरात सुद्धा बऱ्या झाल्या! रात्रभर शांत झोप, सकाळी नाक मोकळं. त्या गुणगुणत चहा करत होत्या. मी म्हटलं, स्प्रे लागू पडला.

हे परत आले, वाटेत मैदानावर जाऊन उताराच्या कडेकडेनं गवत कापून आले. मी मशीनवर शिवत होते, ताई पेपर वाचत होत्या. एकदम त्यांनी पेपर खाली ठेवला, नाक वर केलं आणि लागोपाठ शिंकल्या. आणि मग दाराची बेल वाजली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मी धावत जाऊन दार उघडलं. हे दारात उभे. शर्टाच्या बाह्यांवर, केसांत, पँटच्या घडीत हिरवट-पिवळी भुकटी. आत आले आणि रोजच्यासारखे गॅलरीत गेले. शर्ट काढला, कठड्याबाहेर धरून जोरात झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. ती खुर्ची ताईंच्या खोलीच्या खिडकीला लागून होती. ताई खिडकी रात्रभर उघडी ठेवून झोपायच्या. कशासाठी? तर नाकाला स्वच्छ हवा मिळावी म्हणून!

"सापडलं!" मी किंचाळले. "ताई, सापडलं! हेच! हे, हे!"

"काय झालं?" हे घाबरले. "मी काय केलं?"

"तुम्हीच फीवर आहात!"

सगळं समजल्यावर हे खुर्चीवर बसले, मग आठवलं की ती खुर्ची तीच आहे, म्हणून ताडकन उठले. चेहरा उतरला होता. "म्हणजे ताई, इतकी वर्षं मी घरात आलो की तुला..."

"अरे वेड्या, मला तर आनंद झालाय!" ताईंनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला. "पण आधी आंघोळीला जा!"

त्या दिवसापासून यांनी कामाचे कपडे मैदानावरच ठेवायला सुरुवात केली. खेळाडूंच्या न्हाणीघरात आंघोळ करायची, केस धुवायचे, घरचे कपडे घालायचे आणि मगच निघायचं. कपडे वाळत घालायची दोरी मी आत घेतली. तुऱ्यांच्या दिवसांत खिडकी सकाळ-संध्याकाळ बंद. ताईही बाहेरून आल्या की तोंड, डोळे, केस धुवायच्या. घरातल्या शिंका जवळपास थांबल्याच.

पण तोवर तुऱ्यांचे दिवसच सरत आले होते. खरी परीक्षा पुढच्या वर्षी होती. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही शिंकांच्या मोसमाची वाट बघत होतो! थंडी कमी व्हायला लागली तशा ताई रोज दात घासल्यावर मान खाली घालून स्प्रे घ्यायला लागल्या, फुलाचा वास घेतल्यासारखा. यांनी उतारावरचं गवत तुरे फुटायच्या आधीच विळ्यानं कापून काढलं. मशीन चढत नाही तर नाही! कमरेचे टाके ढिले झाले, पण एक काडी ठेवली नाही. त्या दिवशी ताईंना मैदानाच्या आसपास फिरकायचीही बंदी होती.

मोसमातल्या पहिल्या सामन्याला सेक्रेटरी ताईंच्या मागे खुर्ची टाकून बसले. कधी माइक ओढून घ्यावा लागेल याच तयारीनं. ताई दोन्ही हाफ सलग बोलल्या. एकदा फक्त मान वळवून, माइकवर हात ठेवून त्या छोटीशी शिंकल्या, इतकी छोटी की कुणाला कळलीसुद्धा नाही. सेक्रेटरींनी शेवटी नुसतं एवढंच म्हटलं, "फायनल तुमचीच." ताई जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरत होत्या.

आणि फायनलच्या दिवशी घोळ झाला!

रेडिओवाल्यांची वायर वरच्या खोलीपर्यंत पोचेना. त्यांनी टेबल मांडलं ते थेट मैदानाच्या कडेला, पलीकडच्या कोपऱ्याशी. तिथून तारेच्या कुंपणापलीकडे एक मोकळा प्लॉट आहे, कुणी न कापलेला. गुडघाभर गवत, तुऱ्यांनी लदबदलेलं. आणि वारा तिकडूनच! हे तर पांढरेफटक पडले. "ताई, तिथे नको बसूस."

"रेडिओ तिथे आहे, मग मी कुठे बसू?" ताईंनी पिशवीतून डोळ्यांना कडेनंही झाकणारा काळा चष्मा काढला, टोपी घातली, नाकपुड्यांच्या कडेला बोटभर व्हॅसलीन लावलं. "गोळी सकाळीच घेतलीय. नाक धुतलंय. आता वाऱ्याचं तेवढं बघ."

यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, हे स्टोअरकडे पळत सुटले. गोलजवळची जमीन झाकायची मोठी ताडपत्री घेऊन आले. "वहिनी, पलीकडचं टोक धर!" असं ताईंनी मला सांगेपर्यंत मी धरलंसुद्धा होतं. कोपऱ्याचे दोन खांब, कुंपणाची तार, दोरी, गाठी. प्रेक्षक आत यायला लागले होते, संघ अंग मोकळं करत होते आणि आम्ही तिथे शीड उभारत होतो! एक टोक बांधायला काहीच मिळेना, तर सेक्रेटरींनी कोट काढून ठेवला आणि स्वतः बांबू धरून उभे राहिले. यांनी पाइप आणून ताडपत्री ओली केली, म्हणजे उडते पराग तिलाच चिकटतील. वारा त्या ओल्या कापडावर धडका मारत होता, आणि टेबलापाशी हवा कशी शांत!

रेडिओवाल्यानं बोट वर केलं. ताईंनी माइक जवळ ओढला. "नमस्कार मंडळी!" आणि तो आवाज, खणखणीत, मोकळा, एका अक्षरालाही चोंदलेपण नाही, सगळ्या मैदानावरून पसरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला अ‍ॅलर्जी नाही, तरी.

काय सामना झाला! एक गोल इकडे, एक तिकडे. ताई एका दमात धावत होत्या, चेंडूच्या पुढे एक पाऊल. उत्तरार्धात मी त्यांचं नाक आक्रसलेलं बघितलं. डोळे मिटले, ओठ उघडे. सेक्रेटरींनी बांबू आणखी घट्ट धरला. ताईंनी जीभ टाळूला लावली, एक क्षण, दोन... आणि बोलायला लागल्या. गेली! आलेली शिंक परत गेली!

पेनल्टींवर निकाल लागला. शेवटचा फटका खांबाला लागला, परत आला, गोलकीपरच्या पाठीवर आपटला आणि हळूहळू, अगदी सावकाश रेषेकडे घरंगळत निघाला. ताई थांबल्या. चेंडू रेषा ओलांडून पलीकडे थबकला तेव्हा त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की रेडिओवाल्यानं कानातलं यंत्र उपटून फेकलं आणि स्वतःही नाचायला लागला.

संध्याकाळी माणसं पांगली, वायरी गुंडाळल्या गेल्या. ताई टेबलाच्या पायाशी बसल्या होत्या, चष्मा टोपीवर सरकवलेला, घसा बसलेला. त्रास पुरता गेला असं नाही. दुसऱ्या दिवशी डोळे जरा सुजलेच होते, आणि आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी गवताच्या अ‍ॅलर्जीसाठी इंजेक्शनांचा लांबलचक कोर्स सुरू केलाय. तो वर्षानुवर्षं चालायचा. पण त्या संध्याकाळी त्या नाक वर करून काहीतरी शोधत होत्या.

"हा कसला वास येतोय रे?" त्यांनी यांना विचारलं.

"कुठला वास?"

"हा काय, हिरवा. गोडसर. काकडी चिरल्यासारखा."

"ताई, गवताचा आहे. सकाळी रेघा मारण्याआधी कापलं ना, त्याचा."

"कापल्यावर गवताला असा वास येतो?"

"रोज येतो!"

"मला नाही कधी आला," ताई म्हणाल्या. एरवी त्या वर काचेमागे, आणि या दिवसांत तर त्यांचं नाक कधी उघडंच नसायचं.

हे उठले आणि पोरासारखे पळत मैदानाच्या मधोमध गेले. कापलेल्या गवताची मूठ भरून धावत परत आले, हात पुढे करून, हसत. ताई टेबलाआड सरकल्या आणि बसलेल्या घशानं ओरडल्या, "लांबूनच रे! लांबूनच!"

मग हे थोडं अंतर ठेवून, हात लांब करून उभे राहिले आणि ती मूठ वाऱ्यावर हलवत राहिले. ताई डोळे मिटून, हळूच, त्यांना शिकवलं होतं तसा श्वास घेत होत्या.